बेपत्ता पतीची पत्नी आणि मुज्तहिदांची जबाबदारी

आपल्या सडक अर्जुनीवरून मुंबई-कोलकाता महामार्ग जातो. या रस्त्यावर कित्येक घरांची भाकर अवलंबून आहे. समजा, अशा एका घरातील ट्रकचालक निघाला आणि परतलाच नाही. ना मृत्यूची वार्ता, ना तलाकचा शब्द. त्याच्या पत्नीने किती काळ वाट पाहावी?

वाचकहो, मुज्तहिदांचे कार्य समजून घ्यायचे तर हा प्रश्न उत्तम. दिव्य कुरआन व हदीसमध्ये ज्याचे स्पष्ट उत्तर आढळत नाही, ते त्याच मूलस्रोतांतून शोधण्यासाठी अधिकारी विद्वानाने केलेली प्रयत्नांची पराकाष्ठा म्हणजे इज्तिहाद. अरबी भाषा, आयती, हदीसी, पूर्वसूरींचे एकमत आणि कयास यांवर प्रभुत्व असल्याशिवाय हा अधिकार प्राप्त होत नाही. मोबाइलवर चार व्याख्याने ऐकून तर नाहीच. निर्णय अचूक ठरल्यास दोन पुण्ये आणि चुकल्यास एक, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. ती अशा अधिकारी व्यक्तीसाठी आहे.

विद्वान सत्तेपासूनही मुक्त असावा लागतो. खलीफा मन्सूर यांनी देऊ केलेले काजीपद इमाम अबू हनीफा (रह.) यांनी नाकारले, तुरुंगवास पत्करला आणि हिजरी 150 मध्ये बगदादमध्ये त्यांचे निधन झाले. ज्यांच्या मताने आपण विदर्भातील बहुसंख्य लोक नमाज पढतो, त्या इमामांनी आपली विद्या दरबाराच्या स्वाधीन केली नाही.

आता त्या पत्नीकडे वळू. पतीचे समवयस्क हयात असेपर्यंत त्याला जिवंत मानावे, असे हनफी मत. त्याचे वय नव्वद होईपर्यंत थांबावे, असेही त्यात सांगितले गेले. यामागे निकाहचे पावित्र्य जपण्याची दक्षता होती, हे विसरू नये. परंतु पंचविशीतल्या स्त्रीने साठ-पासष्ट वर्षे कशी काढावीत? इमाम मालिक (रह.) यांच्या मते चार वर्षांची मुदत पुरे, आणि त्यानंतर चार महिने दहा दिवसांची इद्दत. या मताला हजरत उमर (रजि.) यांच्या निर्णयाचा आधार आहे.

गेल्या शतकात पंजाबात काही असहाय स्त्रिया निकाहच्या बंधनातून सुटण्यासाठी धर्मत्यागाचा मार्ग धरू लागल्या. तेव्हा मौलाना अशरफ अली थानवी (रह.) यांनी स्वतः हनफी असूनही मदिनेतील मालिकी विद्वानांकडून फतवे मागविले आणि ‘अल-हीलतुन्नाजिजा’ या ग्रंथात गरजेपोटी मालिकी मत स्वीकारण्याचा मार्ग दाखविला. त्यांनी नवा मजहब काढला नाही, सोय पाहून मतेही वेचली नाहीत. आपल्याच मजहबातील जाणत्यांशी विचारविनिमय करून, अटी बांधून, ज्या मजहबाचे मत घ्यायचे त्याच्याच विद्वानांना विचारून हे पाऊल टाकले. माझ्या मते आजच्या काळात इज्तिहादाची जबाबदारी याहून चांगली समजावता येणार नाही.

या विचाराचा ठसा 1939 च्या मुस्लिम विवाह विच्छेद अधिनियमावर उमटला. पतीचा ठावठिकाणा चार वर्षे न लागणे आणि दोन वर्षे त्याने निर्वाहखर्च न देणे, ही दोन्ही कारणे त्यात आहेत. मात्र मूळ विधेयकातील एक तरतूद, की असा निवाडा मुस्लिम न्यायाधीशानेच द्यावा, अंतिम कायद्यात राहिली नाही. उलमांची नाराजी होती ती यावर. म्हणूनच न्यायालयाच्या हुकूमनाम्याबरोबर दारुल-कजाचा निर्णयही घ्यावा, असे अनेक मुफ्ती आजही सुचवितात.

मालिकी मतातील चार वर्षे पत्नीने आपल्या मनाने मोजायची नसतात. काजीपुढे प्रकरण जाते, निकाह व बेपत्ता होणे सिद्ध होते, शोध घेतला जातो, आणि निराशा झाल्यावर काजी मुदत ठरवितो. त्यामुळे अशी वेळ आलेल्या कुटुंबाने विलंब न करता पोलीस ठाण्यात हरवल्याची नोंद करावी. तिची प्रत, निकाहनामा, गाडीमालकाचे निवेदन आणि शेवटच्या फोनची तारीख जपून ठेवावी. काजीसाहेब प्रथम हीच कागदपत्रे मागतील.