बर्फातला मासा

आपल्या राधानगरीला समुद्र नाही. दाजीपूरच्या पुढे फोंडा घाट उतरावा, तेव्हा कोकण लागते. मालवण-देवगडकडचा मासा याच घाटाने वर येतो. धरणातला मासा जवळचा. बांगडा, सुरमई, कोळंबी यांना मात्र लांबची वाट.

वाटेत मासा नासू नये म्हणून काही मासा बर्फात घालून आणतात. काही दगडासारखा गोठवून, पिशवीत बांधून विकतात. हे दोन निराळे. घेताना विचारावे, "मामा, ह्यो गोठवल्याला हाय का नुसता बर्फातला?" विचारायला लाजू नये. पैसे आपले जातात.

आता गावोगाव फ्रिज आले. बाजारातून दोन किलो ताजी कोळंबी येते. ती पिशवीसकट वरच्या बर्फाच्या कप्प्यात जाते. तिचा एक गोळा होतो. रविवारी चौघांपुरती हवी, पण गोळा फुटत नाही. कोयता मारावा तर बोट जायचे.

सासू म्हणते, "अगं, कढत पाणी वत की. लगीच सुटंल."

"व्हय, आत्याबाई."

पाणी ओतले की वरची कोळंबी अर्धी शिजते, आतला दगड तसाच. गोळा तास दोन तास ओट्यावर राहतो. उरलेली कोळंबी परत कप्प्यात जाते. बिघाड इथे होतो.

गोठवल्याने सगळे जंतू मरत नाहीत. बरेचसे नुसते झोपतात. ऊब मिळाली की जागे होतात. काही जंतू चांगल्या उबेत वीस मिनिटांत दुप्पट होतात. पाटीवर हिशेब मांडा. एकाचे तासात ८. दोन तासांत ६४. चार तासांत ४०९६!

म्हणून ताज्या माशाचे वाटे आधीच घालावेत. मासा साफ करून धुवा, पाणी निथळू द्या. एका जेवणापुरता वाटा एका पिशवीत भरा. हवा दाबून काढा. पिशवी भाकरीसारखी चपटी करा. चपटा वाटा लवकर गोठतो आणि लवकर सुटतो. वर चिठ्ठी चिकटवा : 'कोळंबी', आणि तारीख. तुम्हाला आता लिहिता येते, मग चिठ्ठी दुसऱ्याकडून कशाला?

गोठवलेलाच मोठा गोळा विकत आणला, तर तो सगळा सोडवून शिजवावा लागतो. आमचे म्हणणे, लहान पाकीट घ्या.

शिजवायच्या आदल्या रात्री वाटा खालच्या कप्प्यात ठेवा. खाली खोलगट ताटली हवी, कारण पाणी सुटते. ते पाणी दुधात, कोशिंबिरीत पडू देऊ नका. घाई असेल तर बंद पिशवी गार पाण्यात बुडवा. अर्ध्या अर्ध्या तासाने पाणी बदला. मासा सुटला की लगेच चुलीवर चढवा. उन्हात नको, चुलीजवळ नको, रात्रभर ओट्यावर तर नकोच.

बांगडा आणि तारली यांची एक निराळी खोड आहे. हा मासा उबेत पडून राहिला की त्यात एक विषारी द्रव्य तयार होते. ते उकळून जात नाही, तळून जात नाही, पुन्हा गोठवूनही जात नाही. हळद-मीठ चोळून वास झाकेल, विष नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल होते, डोके दुखते, अंगावर गांधी उठतात, उलटी होते. लोक म्हणतात, "मासा बाधला." अशा वेळी दवाखाना गाठावा. धाप लागली तर क्षणाचाही उशीर नको.

राधानगरीचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. वीज जाते. गेली की फ्रिजचे दार सारखे उघडू नका. बंद दाराचा खालचा कप्पा साधारण चार तास गार राहतो. वीज आल्यावर वरचा वाटा हाताने दाबून पाहा. आत बर्फ खडखडत असेल तर तो परत गोठू द्या. चव थोडी उतरेल एवढेच. मऊ पडून कोमट झाला असेल तर खड्ड्यात पुरा, मांजरालाही घालू नका.