आधी पाय टेकव, मग कॅमेरा काढ

चि. भाचीस,


दिवाळीनंतर तू सायकलवरून अलिबागहून किनाऱ्याकिनाऱ्याने मालवणला निघणार आहेस आणि नवा कॅमेराही बरोबर नेणार आहेस, हे तुझ्या आईकडून कळलं. मुरूड, हरिहरेश्वर, दापोली, गुहागर, गणपतीपुळे, विजयदुर्ग, देवगड. या रस्त्यावर दर वळणाला हात कॅमेऱ्याकडे जाईल. म्हणून निघण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घे. पेडल फिरत असताना कॅमेरा हातात घ्यायचा नाही. सायकल रस्त्याच्या बाहेर गेली, दोन्ही पाय जमिनीला टेकले, की मग हवे तेवढे फोटो काढ.

कारण साधं आहे. कॅमेऱ्याचं बटण उजव्या हाताला असतं आणि आपल्याकडच्या बहुतेक सायकलींचा पुढचा ब्रेकही उजव्याच हाताला असतो. ब्रेक लागला की वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळे सायकल थांबवण्याचं मोठं काम पुढचा ब्रेक करतो. उजव्या हाताने कॅमेरा उचलला की उरतो फक्त मागचा ब्रेक. तो घाईत जोरात दाबला की मागचं चाक घसरतं. त्यात वेगाचा हिशेब धर. ताशी २० किलोमीटरने जाणारी सायकल सेकंदाला साडेपाच मीटर पुढे सरकते. डोळा दोन सेकंद कॅमेऱ्याला लावला तर ११ मीटर रस्ता न बघता मागे पडतो. कोकणातल्या रस्त्याच्या ११ मीटरमध्ये खड्डा असतो, वळणावर वाहून आलेली वाळू असते आणि समोरून एसटीही आलेली असते.

ज्यांचं पोटच सायकलींच्या फोटोंवर चालतं, ती माणसंही हा धोका पत्करत नाहीत. टूर द फ्रान्स या सायकलशर्यतीबरोबर धावणारे छायाचित्रकार मोटरसायकलवर मागे बसलेले असतात. गाडी चालवणारा वेगळा असतो आणि त्याचं लक्ष फक्त रस्त्यावर असतं. याच शर्यतीत ३ जुलै १९९४ रोजी आर्मांतिएर गावात अंतिम रेषेजवळ एक पोलीस फोटो घ्यायला कठड्यापुढे झुकला. पूर्ण वेगात आलेला बेल्जियमचा विल्फ्रिड नेलिसन त्याच्यावर आदळला. फ्रान्सचा लॉराँ जालाबेरही त्या अपघातात सापडला आणि त्याच्या चेहऱ्याला जबर दुखापत झाली. पुढे २६ जून २०२१ रोजी त्याच शर्यतीच्या पहिल्या टप्प्यात एक प्रेक्षक बाई टीव्हीच्या कॅमेऱ्याकडे तोंड करून, हातातला फलक रस्त्यावर धरून उभी होती. मागून येणारे सायकलस्वार तिला दिसलेच नाहीत. त्यांतला टोनी मार्टिन त्या फलकाला धडकला आणि त्याच्यामागचा मोठा घोळका रस्त्यावर कोसळला. दोन्ही वेळा चूक एकच होती: नजर कॅमेऱ्यापाशी अडकली आणि रस्ता विसरला गेला.

असं असलं तरी कॅमेरा घरी ठेवून जा, असं कुणी तुला सांगितलं तर ऐकू नकोस. सायकल आणि कॅमेरा यांची सोबत फार जुनी आहे. १८८८ साली कोडॅकचा पहिला कॅमेरा आला. त्यात शंभर फोटोंची फिल्म भरलेलीच मिळायची, आणि ती संपली की अख्खा कॅमेराच कारखान्यात धाडायचा. फोटोंसाठी लागणाऱ्या काचेच्या प्लेट्सचं ओझं गेलं आणि कॅमेरा सायकलवर नेणं सोपं झालं. १८९० मध्ये थॉमस ॲलन आणि विल्यम साक्टलेबेन हे दोन अमेरिकन तरुण सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातून पदवी घेऊन लगेच जगप्रवासाला निघाले. १८९३ पर्यंत त्यांनी सुमारे २४,००० किलोमीटर सायकल चालवली आणि कॉन्स्टँटिनोपलहून पेकिंगपर्यंत आशिया पार केला. या प्रवासात त्यांनी अडीच हजारांच्या आसपास फोटो काढले. त्या दशकाच्या अखेरीस तर रॉचेस्टरचा एक कारखाना 'सायकल पोको' या नावाचे, घडी घालून खोगिरामागे किंवा दांडीला बांधता येणारे कॅमेरे विकू लागला होता.

पिट्सबर्गचा फ्रँक लेन्झ याच काळातला. १८९२ मध्ये तो कॅमेरा घेऊन एकटाच निघाला. जपान, चीन, ब्रह्मदेश, हिंदुस्थान, इराण असा प्रवास करत तो १८९४ मध्ये तुर्कस्तानात पोहोचला आणि एर्झुरुमच्या अलीकडे बेपत्ता झाला. त्याचा शोध घ्यायला साक्टलेबेनच तिकडे गेला, पण लेन्झ सापडला नाही. त्याने वाटेतून पाठवलेले फोटो आणि मजकूर मागे राहिले.

आपल्या मुंबईचाही यात वाटा आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा पारशी तरुण मुंबईहून सायकलवर निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे जवळपास ७१,००० किलोमीटरची जगप्रदक्षिणा करून मार्च १९२८ मध्ये परतले. त्यांचं पुस्तक १९३१ साली आलं, त्याला प्रस्तावना जवाहरलाल नेहरूंची. पुढे केकी खरास, रुस्तम गांधी आणि रतन श्रॉफ हे तिघे १९३३ ते १९४२ अशी वर्षं फिरत राहिले आणि त्यांनी ८४,००० किलोमीटर कापले. या साऱ्यांची हकिकत गोव्यात राहणाऱ्या अनुप बबानी आणि सविया व्हिएगस यांनी 'द बायसिकल डायरीज' या पुस्तकात मांडली आहे. निघण्याआधी ते मिळवून वाच आणि त्यातले जुने फोटो सावकाश बघ. सायकल आणि माणसं रस्त्यात उभी आहेत, भोवती गावकरी जमलेत. ही माणसं थांबली होती, म्हणून फोटो झाला.

थांबण्याचा खरा गुरू मात्र न्यूयॉर्कचा बिल कनिंगहॅम. १९२९ साली जन्मलेला हा माणूस २०१६ मध्ये वारला. निळ्या कामगारी जाकिटात, साध्या श्विन सायकलवर तो आयुष्यभर मॅनहॅटनमध्ये फिरला आणि 'न्यूयॉर्क टाइम्स'साठी रस्त्यावरच्या लोकांच्या कपड्यांचे फोटो काढत राहिला. त्याच्या दोन डझनांहून जास्त सायकली चोरीला गेल्या, तरी तो दुसरी घेऊन बाहेर पडायचाच. साठच्या दशकात डेव्हिड माँटगोमेरी या छायाचित्रकाराने त्याला ऑलिंपसचा छोटा पेन कॅमेरा दिला आणि तो टिपणवहीसारखा वापरायला सांगितलं. ३६ फोटोंच्या रिळावर ७२ फोटो बसवणारा तो हलका कॅमेरा होता. १९७८ मध्ये कनिंगहॅमने रस्त्यावर एका बाईच्या फरकोटाची खांद्याची शिवण पाहिली आणि फोटो काढला. ती प्रसिद्ध अभिनेत्री ग्रेटा गार्बो आहे हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. सायकल त्याला गर्दीतून वाट काढून हव्या त्या जागी नेई. तिथे पोहोचल्यावर, विशेषतः फिफ्थ ॲव्हेन्यू आणि ५७ व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर, तो पायांवर उभा राही आणि वाट बघे. त्याच्या मृत्यूनंतर शहराने काही काळ त्या कोपऱ्याला त्याचं नाव दिलं.

गाडीवाल्याला जागा शोधावी लागते आणि चालणाऱ्याला दिवसभरात थोडंच दिसतं. सायकलवाल्याला खूप दिसतं आणि कुठेही थांबता येतं. ही सोय वापरायची तर थांबणं कंटाळवाणं होता कामा नये. कॅमेरा तीन पिशव्यांच्या तळाशी असेल तर दुसऱ्या दिवसापासून तू थांबणारच नाहीस आणि मोह होईल तो चालत्या सायकलवरून मोबाइल काढण्याचा.

म्हणून कॅमेरा हाताशी ठेव, पण लोंबता ठेवू नकोस. गळ्यात अडकवलेला कॅमेरा झुलतो, दांडीवर आपटतो आणि पडलीस तर थेट छातीवर येतो. मागच्या कॅरियरवर तर मुळीच बांधू नकोस. तिथे प्रत्येक खड्ड्याचा दणका सरळ कॅमेऱ्याला बसतो. हँडलला लावायची पिशवी घे, तिच्या तळाशी जाड फोम घाल, उरलेल्या जागेत रुमाल किंवा टोपी कोंब. पिशवी नको असेल तर तिरका पट्टा घट्ट आवळून कॅमेरा कमरेवर बाजूला घे आणि तो पुढे घसरू नये म्हणून कमरेभोवती दुसरी पट्टी बांध. पाठीच्या कण्यावर कॅमेरा नको, पडताना तोच टोचतो. लांब लेन्स घरी ठेव. ३५ मिलिमीटरच्या आसपासची एकच छोटी लेन्स पुरे. त्यामुळे ओझं कमी होईल आणि समुद्रावरच्या वाऱ्यात लेन्स बदलताना वाळू आत जाण्याचा प्रश्नच येणार नाही.

मोबाइल हँडलवर लावून नकाशा बघणार असशील तर एक ध्यानात ठेव. मोटरसायकलच्या जोरदार इंजिनांच्या सततच्या कंपनांनी आयफोनच्या कॅमेऱ्यातली प्रतिमा स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा ॲपलनेच २०२१ मध्ये दिला आहे. सायकलला इंजिन नाही, पण खडीचा रस्ता दिवसभर लागला की मोबाइल खिशात घालणं बरं.

थांबण्याचीही रीत असते. उतारावर अचानक ब्रेक मारू नकोस. मागे बघ, हाताने खूण कर आणि हळू होत डावीकडे घे. वळणाच्या आत कधी थांबू नकोस, दृश्य कितीही सुंदर असो. वळण संपून रस्ता दोन्हीकडे दिसायला लागला की थांब आणि हवं तर चालत मागे ये. सायकल आडवी करायची तर साखळीची बाजू वर ठेव. कॅमेरा डोळ्याला लावून एकही पाऊल मागे टाकू नकोस, कारण मागे रस्ता असतो. घाट चढून आल्यावर छाती धपापत असते आणि हात हलतात. मिनिटभर श्वास घे, कोपरं बरगड्यांना टेकव किंवा कॅमेरा खोगिरावर ठेव. मैत्रीण सायकल चालवत असेल तर रस्त्याकडेला उभी राहून तिच्याबरोबर कॅमेरा फिरवत १/३० किंवा १/६० सेकंदावर फोटो घे. ती स्पष्ट येईल आणि मागची झाडं पळताना दिसतील. चालत्या सायकलवरचं चित्रण हवंच असेल तर छोटा कॅमेरा हँडलला घट्ट बसव, निघण्यापूर्वी सुरू कर आणि थांबेपर्यंत त्याला हात लावू नकोस.

तुझ्या वाटेवर चार खाड्या फेरीबोटीने ओलांडाव्या लागतील: आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड. बोटीवर हँडल धरावं लागत नाही, दोन्ही हात मोकळे असतात आणि गावातली माणसं शेजारीच उभी असतात. फोटोंसाठी या वाटेवर याहून चांगली जागा नाही. सकाळी किनाऱ्यावर पोहोच. सूर्य सह्याद्रीकडून येतो आणि समोरच्या होड्यांवर ऊन पडतं. हर्णैला माशांचा लिलाव चुकवू नकोस. संध्याकाळी मुक्कामाला पोहोचलीस की खारा थर जाण्यासाठी कॅमेरा आधी किंचित ओल्या, मग कोरड्या फडक्याने पूस. दमट हवेत लेन्सला बुरशी धरते, म्हणून घरी आल्यावर तो सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव.

शेवटचं, माणसांबद्दल. मासळी निवडणाऱ्या बाईचा फोटो काढण्याआधी तिच्याशी बोल. तिने नको म्हटलं तर कॅमेरा खाली घे. मुलांचा फोटो असेल तर घरच्यांना विचार. जर्मनीचा हाइन्झ श्ट्युके १९६२ मध्ये सायकलवर निघाला आणि पन्नासहून अधिक वर्षं जग फिरला, सहा लाखांवर किलोमीटर. प्रवासाचा खर्च त्याने बराचसा आपल्या फोटोंची पुस्तिका लोकांना विकून भागवला. फोटो देण्याघेण्यातूनच त्याच्या ओळखी झाल्या. तुला पैसे मिळवायचे नाहीत, पण देणं तुलाही जमेल. एक छोटी वही बरोबर ठेव. ज्यांचे फोटो काढशील त्यांची नावं, गाव आणि पत्ते त्यांच्याच हाताने लिहून घे, आणि परतल्यावर महिन्याच्या आत त्या फोटोंच्या कागदी प्रती काढून प्रत्येकाला पोस्टाने पाठव. एवढं काम माझ्यासाठी म्हणून कर.

तुझा,
मामा