ठेवणीतले

सुपा, ता. पारनेर
रविवार, दुकान बंद केल्यावर

चि. बाळ्यास मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझा कंपनीचा शर्ट तयार आहे. बटण लावलं, काखेत उसवलं होतं तिथं दुहेरी टीप मारली. ही चिठ्ठी त्याच शर्टाच्या खिशात घालतोय, धुवायला टाकायच्या आधी काढ. तोंडी सांगितलं असतं, पण तू येतोस तेव्हा दुकानात चार गिऱ्हाइकं असतात, आणि चारचौघांत भाच्याच्या कपड्यांवरून बोलणं मला जमत नाही. तुझ्या आईनं तुला माझ्या भरवशावर इकडं पाठवलंय, म्हणून लिहितो.

परवा फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर तू हायवेच्या चौकात मित्रांबरोबर उभा होतास. मी पलीकडं चहा पीत होतो. तिसऱ्या बटणाच्या जागी सेफ्टी पिन. विचारलं तर म्हणालास, "कंपनीचाच तर आहे मामा, कोण बघतंय?" शर्ट कंपनीचा, कबूल. पण आठवड्यातले सहा दिवस तू त्याच शर्टात असतोस. मेसवाला, खोलीमालक, टपरीवाला, सगळ्या सुप्याला तू ठाऊक आहेस तो त्या शर्टातला. सातव्या दिवशीचा बाळ्या कुणी पाहिलेलाच नाही.

मी मात्र सातव्या दिवशीचाही पाहिलाय. गेल्या महिन्यात तुझ्या खोलीवर आलो तेव्हा अंगात बनियन आणि गुडघ्यावर फाटलेली चड्डी. कॉटखाली बॅग, बॅगेत तीन नवे कोरे शर्ट. पिशवीतून काढलेलेसुद्धा नाहीत, कॉलरीत पुठ्ठा, पाठीला टाचण्या तशाच. "ताईच्या लग्नाला ठेवलेत." लग्न अजून ठरायचंय.

आपल्याकडं यालाच ठेवणीतले म्हणतात. चांगलं ते पेटीत आणि विटकं ते अंगावर. तुझ्या आजीचं एक जांभळं रेशमी लुगडं होतं, हिरव्या काठाचं. माझ्या आठवणीत तिनं ते चार वेळा नेसलं. बाकी सगळी वर्षं ते डांबरगोळ्यांच्या वासात, लोखंडी पेटीच्या तळाला. तुझ्या आईच्या लग्नात काढलं, नेसायला म्हणून झटकलं, आणि ते घडीवर चिरलं. एका जागी नाही, जिथं जिथं घडी होती तिथं तिथं. रेशीम वर्षानुवर्षं एकाच घडीवर पडून राहिलं की तिथंच कुजतं, हे मला धंद्यात पडल्यावर कळलं. आजी काही बोलली नाही. रोजचं लुगडं नेसून मांडवात गेली.

पण त्याच आजीचं रोजचं लुगडं कसं असायचं ते तुला सांगायला हवं. ७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायच्या कामावर जायची. खायला सुकडी मिळायची ती आमच्यासाठी घरी आणायची. दोन लुगडी, एक अंगावर, एक वाळत. पाणी इतकं कमी की भांडी राखेनं घासून पुसून घ्यायचो. तरी ती एक तांब्या पाणी लुगड्यासाठी राखायची, नुसता पदर आणि खालचा घोळ धुवायला. आणि ठिगळ! आता मी चाळीस वर्षं मशीनवर बसतोय, पण तिच्या ठिगळाची सर माझ्या हाताला नाही. ठिगळाचा धागा कापडाच्या धाग्याशी जुळवून लावायची, उभ्याला उभा, आडव्याला आडवा, कडा आत दुमडून, टाके मुंगीएवढे. लांबून दिसायचं नाही, आणि जवळून दिसलं तर बघणाऱ्यालाच बरं वाटायचं. दिवसभर धुरळ्यात बसून ती संध्याकाळी परत यायची तेव्हा केस विंचरलेले असायचे. कामाच्या जागेवरच, कंगवा कनवटीला.

तर तू म्हणशील, कपड्यानं काय होतं, माणूस बघावा. असं म्हणणाऱ्याच्या अंगावर बहुतेक इस्त्रीचा शर्ट असतो. ज्यांना लोकांनी कपड्यावरूनच हिणवलं, त्यांना विचार. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी डॉ. आंबेडकर बायकांशी वेगळं बोलले. लुगडं आखूड नेसायची तऱ्हा, गळ्यातले नि हातातले जड दागिने, यांवरून तुमची जात लांबूनच ओळखली जाते. ते सोडा, स्वच्छ राहा, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. आणि त्याच मुक्कामात बायका पायघोळ लुगडं नेसू लागल्या. मी शिंपी, म्हणून मला त्यातली एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आठवते. वारभरसुद्धा नवं कापड लागलं नाही. लुगडं तेच, फक्त निऱ्या बदलल्या.

माझी स्वतःची एक फजिती ऐक. नवंनवं दुकान टाकलं होतं. मला वाटायचं, आपण शिवणारे, आपल्या अंगावर काय का असेना. जुना शर्ट, कफ झिजून दोरे लोंबलेले, बोटांना खडू, काखेत घामाचे पांढरे नकाशे. पारनेरहून एक गृहस्थ आले, मुलाच्या लग्नाचं सुटाचं कापड घेऊन. मी टेप काढला, त्यांचा हात धरून बाहीचं माप घेऊ लागलो, तर ते माझ्या कफाकडं बघत राहिले. अगदी दोन श्वास. मग कापडाची घडी घातली, पिशवीत टाकली, "नंतर येतो" म्हणाले. आलेच नाहीत. मी आठ दिवस चडफडत होतो, माणूस शिष्ट म्हणून. नवव्या दिवशी रात्री दुकान लावून स्वतःसाठी शर्ट बेतला. नगरला कापड बाजारात ज्या उस्तादांकडं मी शिकलो ते काळी पँट आणि पांढरा बुशशर्ट याखेरीज काही घालत नसत. दोनच जोड. पण त्या पांढऱ्यावर मी कधी डाग पाहिला नाही. तेव्हा मला ती हौस वाटायची. तो त्यांच्या दुकानाचा बोर्ड होता, हे मला त्या सुटाच्या कापडानं शिकवलं.

आता कामाचं सांगतो.

पहिली गोष्ट माप. आपल्या लोकांना वाढत्या अंगाचं घ्यायची खोड. शाळेचा गणवेश घेताना दोन वर्षांचा हिशोब. पहिल्या वर्षी पोरगं त्यात पोहतं, आणि अंगाबरोबर येतो तोवर गणवेश विटून फाटलेला असतो. तू आता तेविशीचा आहेस, वाढायचं असेल तर पोटानं वाढशील. तेव्हा अंगाबरोबरचं घे. शर्टाची खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर संपली पाहिजे, दंडावर उतरता कामा नये. बाही मनगटाच्या हाडापर्यंत. कॉलरचं बटण लावून आत दोन बोटं जावीत, तीन नाही. पँट बुटावर एकदा मोडावी, चुन्या पडू नयेत. यातलं काही चुकलं तर अडीच हजारांचा शर्टही उसना वाटतो. बरोबर बसलं तर आठवडे बाजारातल्या ढिगातलाही चालतो, आणि ढिगातल्याला मी पन्नास रुपयांत बसवून देतो. तुझ्याकडून तेही घेत नाही, तरी तू बसवायला आणत नाहीस.

शिंप्याकडून शिवून घेतलंस तर शिवणीच्या आत थोडी माया ठेवायला सांग. माया म्हणजे शिवणीत सोडलेलं जादा कापड. अंग भरलं की तेवढं सोडता येतं. रेडीमेडमध्ये कात्रीनं जवळजवळ टिपेपर्यंत कापलेलं असतं, सोडायला काही उरत नाही.

कामावर मात्र बाही ढिली ठेवू नकोस, हौस म्हणूनसुद्धा. यात दिसण्यापेक्षा हाताचा प्रश्न आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यात चालत्या मशिनीला तेल देणाऱ्यानं किंवा पट्टा चढवणाऱ्यानं अंगाबरोबर बसणारे कपडे घालावेत, आणि ते मालकानं पुरवावेत, असं लिहिलेलं होतं. हे मला तुमच्याच एमआयडीसीतल्या एका सुपरवायझरनं सांगितलं, त्याच्या माणसांच्या बाह्या मी आवळून दिल्या तेव्हा. कपडे ठेवायच्या जागेचंही सांगतो. तुमच्याकडं ते जपानी 'फाइव्ह एस' शिकवतात म्हणालास ना? भिंतीवर पान्याचं चित्र, पाना त्याच चित्रावर लटकायचा. मग खोलीत एक खिळा पँटीसाठी आणि दोन हँगर शर्टांसाठी ठरवायला कुठल्या ट्रेनिंगची वाट बघतोयस?

धुण्याचं. सुप्यात एप्रिल-मेला टँकर येतो तेव्हा बादलीभर पाण्यात काय होणार, असं म्हणू नकोस. आजी तांब्यात भागवायची. आधी कॉलर आणि कफ साबण लावून हातानं चोळ, मळ धरणारी जागा तीच. मूठभर पावडर ओतून रात्रभर भिजत ठेवायचं थांबव, रंग जातो आणि पावडर कापडात बसते. ओला शर्ट उलटा करून हँगरला लाव, पट्टी आणि कॉलर हातानं ओढून सरळ कर, सावलीत टांग. डोंगरावरच्या पवनचक्क्या ज्या वाऱ्यावर फिरतात त्या वाऱ्यात तो तासाभरात वाळतो आणि निम्मी इस्त्री आपोआप होते. हायवेच्या बाजूला मात्र टांगू नकोस, धूळ बसून पुन्हा धुवावा लागेल. पँटीला इस्त्री नसेल तर घडी नीट जुळवून गादीखाली घाल आणि वर झोप. आम्ही कॉलेजच्या पोरांची लग्नं या इस्त्रीवर जुळलेली पाहिलीत.

कॉलर झिजली म्हणून शर्ट फेकू नकोस. आण. कॉलर उसवून उलटी लावतो, झिजलेली बाजू खाली जाते, शर्ट आणखी दोन वर्षं चालतो. हे काम आता कुणी सांगत नाही. नव्या पोरांना कॉलर उलटते हेच माहीत नाही.

केस, दाढी कशी ठेवायची तो तुझा प्रश्न. त्या कानावरच्या रेघा मला आवडत नाहीत, पण मलाही तुझ्या वयात कल्ले होते आणि तुझ्या आजोबांना ते आवडत नव्हते. फक्त मानेवरचे केस वाढू देऊ नकोस आणि नखातलं ग्रीस काढत जा. मोजे रोज धू. यावर तुझे खोलीतले सोबती मला दुवा देतील.

एक मात्र उलटं सांगतो, म्हणजे तू दुसऱ्या टोकाला जाणार नाहीस. टापटीप म्हणजे खर्च नव्हे. तुझ्याच खोलीतल्या एकानं हप्त्यावर बूट घेतले आणि महिनाअखेरीला मेसचे पैसे उसने मागत फिरला. बिनखर्चाची टापटीप बघायची तर अण्णा हजारेंचं राळेगण इथून जवळच आहे. अण्णांचा वेश आमच्या पिढीनं कायम एकच पाहिला: पांढरं धोतर, सदरा, टोपी. २०११ साली दिल्लीच्या रामलीला मैदानावर त्यांच्या उपोषणात पोरं त्या टोपीवर 'मैं अन्ना हूँ' असं छापून फिरत होती, तेव्हा आमच्या दुकानात हसू झालं होतं. आमच्याकडची म्हातारी माणसं टोपीवर काही लिहीत नाहीत. ती धुतात, हलकी खळ देतात, आणि रात्री बोटानं घडी मारून उशाशी ठेवतात. सकाळी टोपी घालताना ती माणसं एकदा आरशात बघतात. तेवढा आरसा तूही बघत जा, शिफ्टला निघायच्या आधी. खोलीत आरसा नाही असं मला दिसलं, माझ्या दुकानातला जुना घेऊन जा, कोपरा उडालाय पण चेहरा दिसतो.

आता बटण बघ. तुझ्या कंपनीच्या शर्टाचं बटण मी कापडाला चिकटवून लावलेलं नाही. मधे जरा जागा सोडून दोऱ्याचे चार वेढे दिलेत. पट्टी आत मावते, काज ओढलं जात नाही, बटण तुटत नाही. तुटलंच, तर आतल्या खालच्या पट्टीला एक जादा बटण टाकून ठेवलंय. सुई-दोरा पाकिटात दिलाय. सेफ्टी पिन मी काढून घेतली आहे, परत मिळणार नाही.

येत्या रविवारी दुपारी ये, तेव्हा दुकान रिकामं असतं. ते तिन्ही शर्ट आण. आकाशी रंगाचा खांद्यात मोठा असणार, पिशवीवरून माझा अंदाज आहे. तिथं आवळून देतो. टाचण्या आणि पुठ्ठा इथंच टाकू, आणि त्यातला एक घालूनच परत जा. ताईचं ठरलं की त्या वेळी नवा शिवू, कापड माझ्याकडून.

मामीनं शेंगदाण्याची चटणी करून ठेवलीय, तीही ने. डबा परत आण.

तुझा,
मामा