उतरून घेतलेला ग्रंथ

संदर्भग्रंथांची उणीव खेड्यातील शाळेला अपरिचित नाही. हवे ते पुस्तक तालुक्याच्या ग्रंथालयातून चार दिवसांकरिता आणावे आणि त्यातील उपयुक्त भाग वहीत उतरून घ्यावा, हा त्यावरील जुना उपाय होय. या उपायाच्या शैक्षणिक मूल्याविषयी मात्र शिक्षकांत दोन तट आढळतात. उतरून घेणे हे केवळ बोटांचे काम, त्यात बुद्धीला वाव नाही, असे कित्येकांना वाटते. या वादाचा विचार करताना हंगेरीचा बुद्धिबळपटू रुडॉल्फ खारौसेक याचे चरित्र उपयोगी पडेल.

खारौसेकचा जन्म 19 सप्टेंबर 1873 रोजी प्रागजवळ झाला. तो तान्हा असतानाच कुटुंब हंगेरीतील देब्रेत्सेन या गावी येऊन राहिले. पुढे तो कायद्याच्या अभ्यासाकरिता कश्शा येथे गेला. हे शहर आज कोशित्से या नावाने स्लोव्हाकियात मोडते. घरची स्थिती बेताची होती. बुद्धिबळाची गोडी लागली, तरी त्या काळी या खेळाचा प्रमाणग्रंथ मानला जाणारा जर्मन भाषेतील ‘हांडबुख’ विकत घेणे त्याला परवडण्यासारखे नव्हते. बिल्गर याने आरंभिलेला आणि त्याच्या अकाली मृत्यूनंतर त्याचा मित्र फॉन डेर लासा याने पुरा करून 1843 मध्ये प्रसिद्ध केलेला हा ग्रंथ पुढील प्रत्येक आवृत्तीगणिक वाढतच गेला होता. पानोपानी खेळ्यांचे रकाने, त्याखाली बारीक अक्षरांतील टीपा, असे त्याचे स्वरूप. खारौसेकने हा ग्रंथ उसना आणून संपूर्ण हाताने उतरून काढला, असे बुद्धिबळाच्या जगात परंपरेने सांगतात.

अशा कथा तोंडोतोंडी जाताना फुगतात, हे खरे. परंतु त्याचे उपलब्ध डाव पाहिले, तर डावाच्या आरंभाचे त्याचे ज्ञान किती पक्के होते, याविषयी शंका राहत नाही. आणि येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. गद्य उतारा अर्थाकडे लक्ष न देताही उतरता येतो; खेळ्यांचा रकाना उतरताना मात्र, पट डोळ्यांपुढे असल्यास, प्रत्येक ओळीला सोंगटी हलते, आणि सोंगटी हलली की ‘येथेच का?’ असा प्रश्न उभा राहतो. वर्गात शिक्षा म्हणून एकच वाक्य शंभर वेळा लिहावयास लावतात. त्या लेखनाचे या लेखनाशी काही नाते नाही. त्याने अक्षरही सुधारत नाही.

1895 साली खारौसेकचा गेझा मारोत्सी या दुसऱ्या उदयोन्मुख हंगेरियन खेळाडूशी सामना झाला आणि तो बरोबरीत सुटला. पुढच्याच वर्षी जर्मनीतील न्युर्नबर्ग येथे 19 खेळाडूंची मोठी स्पर्धा भरली. खारौसेकची ही पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा. त्याला बारावे स्थान मिळाले. म्हणजे पाठ केलेल्या ज्ञानाने सारेच साधले असे नव्हे. अनुभवी प्रतिस्पर्ध्यांनी त्याला अनेकदा हरविले. परंतु त्याच स्पर्धेत त्याने इमान्युएल लास्करशी झालेला डाव जिंकला. लास्कर 1894 पासून जगज्जेता होता आणि या स्पर्धेतही तोच पहिला आला.

तो डाव शाळेतील पटावर मांडून दाखविण्याजोगा आहे. खारौसेकने राजाच्या बाजूचे एक प्यादे दुसऱ्याच खेळीला बळी दिले. ही जुन्या पिढीची, ‘हांडबुख’मध्ये विस्ताराने दिलेली चाल होती. लास्करने वजिराचा शह दिला, तेव्हा खारौसेकने राजा एक घर बाजूला सरकविला आणि किल्लेकोट करण्याचा हक्क कायमचा गमावला. नवख्याला ही चूक वाटेल. पण पुढे लास्करच्या वजिराला मागे हटावे लागले, पांढरा वजीर लास्करच्या राजासमोरच्या बाजूस जाऊन बसला आणि 24 व्या खेळीला पांढऱ्या घोड्याने काळा उंट मारताच जगज्जेत्याने डाव सोडला. पुस्तकातील चाली दहाबारा खेळ्यांत संपतात. त्यापुढील खेळ खारौसेकचा स्वतःचा होता.

त्यानंतरची प्रगती झपाट्याची झाली. त्याच वर्षी बुडापेस्ट येथे तो रशियाच्या चिगोरीनबरोबर पहिल्या स्थानी राहिला. निर्णायक सामन्यात मात्र चिगोरीन वरचढ ठरला. 1897 मध्ये बर्लिनच्या स्पर्धेत पहिला क्रमांक त्याने एकट्याने पटकाविला. 1898 मध्ये कोलोन येथे इंग्लंडच्या बर्नच्या खालोखाल तो चिगोरीन व कोन यांच्या बरोबरीने दुसरा आला. पुढे क्षयाने त्याला खेळू दिले नाही. क्षयाचे जंतू 1882 मध्येच सापडले होते, पण त्यावरील पहिले परिणामकारक औषध 1943 पर्यंत हाती आले नाही. 18 एप्रिल 1900 रोजी बुडापेस्टनजीक नॉजतेतेन्य येथे, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, खारौसेक वारला. ज्याच्याशी तो बरोबरीत सुटला होता तो मारोत्सी 1951 पर्यंत जगला आणि 1950 मध्ये ग्रँडमास्टर हा किताब प्रथमच अधिकृतपणे देण्यात आला, तेव्हा त्याच्या मानकऱ्यांत त्याचे नाव होते.

वर्गात हा डाव घेताना शिक्षकांनी तो सबंध फळ्यावर लिहून देऊ नये. मुलांनी आपापल्या वहीत प्रत्येक खेळी लिहावी व तिच्यापुढे कारणासाठी जागा कोरी सोडावी. काळ्या वजिराच्या शहापाशी येताच लेखन थांबवावे आणि पांढऱ्या राजाला कोणकोणती घरे मोकळी आहेत, हे मुलांना शोधू द्यावे. प्यादे पुढे गेल्याने रिकामे झालेले घर बहुतेक जण सांगतील. तेथे तो वजिराच्या माऱ्यातच राहतो, हे त्यांचे त्यांना उमजले, की मग पुढची खेळी लिहावयास सांगावी.