हवा गाळणारे यंत्र

सकाळी दाराच्या फटीतून ऊन आत येते. जमिनीवर कवडसा पडतो. उन्हाच्या त्या पट्ट्यात नीट पाहा. धुळीचे बारीक कण नाचताना दिसतात. कवडसा गेला की ते दिसत नाहीत, पण घरात असतातच. श्वासाबरोबर ते आपल्या छातीत जातात.

पाणी आपण गाळून पितो. पीठ चाळून घेतो. वैद्य औषधाची पूड वस्त्रगाळ करतात. हवा मात्र आहे तशीच घेतो. माणूस मिनिटाला सुमारे १५ वेळा श्वास घेतो. दिवसाचा हिशेब करा बरे. २१,६०० श्वास झाले!

धूळ आणि धूर सर्वांनाच वाईट. पण दमेकरी म्हातारी माणसे, तान्ही मुले आणि गरोदर बाया यांना त्यांचा त्रास फार. म्हणून हवा गाळायचे यंत्र निघाले आहे. त्याला एअर प्युरिफायर म्हणतात. शहरात नोकरी करणारी मुले आईवडिलांसाठी ते गावी आणून देतात. मुलगा दोन दिवसांनी परत जातो. यंत्र घरात राहते. ते कसे वापरावे, त्याची निगा कशी राखावी आणि कोठे त्याच्यावर विसंबू नये, हे आम्ही या पाठात सांगणार आहोत.

यंत्राच्या पोटात काय असते?

आत एक पंखा असतो. तो खोलीतली हवा ओढतो, गाळणीतून नेतो आणि पुन्हा खोलीत सोडतो. गाळणीलाच फिल्टर म्हणतात.

पहिली गाळणी म्हणजे जाळी. तिच्यात केस, कापूस आणि मोठी धूळ अडकते.

दुसरी गाळणी मुख्य. तिला हेपा फिल्टर म्हणतात. ती घड्या घातलेल्या जाड कागदासारखी दिसते. केसाच्या जाडीचे २०० भाग केले, तर त्यातल्या एका भागाएवढे कणसुद्धा ती धरते. चांगली हेपा गाळणी असल्या १०,००० कणांपैकी ९,९९७ कण अडवते.

तिसरी गाळणी कोळशाची. तिचा कोळसा पुष्कळदा नारळाच्या करवंटीचा असतो. तो वास शोषून घेतो. ही गाळणी सगळ्याच यंत्रांत नसते.

काही यंत्रे ओझोन नावाचा वायू सोडतात. तो छातीला अपाय करतो. असले यंत्र घेऊ नये.

कसे वापरावे?

आजारी माणूस किंवा मूल जिथे झोपते, त्या खोलीत यंत्र ठेवावे. भिंतीपासून हातभर दूर ठेवावे. वर कपडे वाळत घालू नयेत. हवेची वाट मोकळी पाहिजे.

यंत्र चालू असताना दारे-खिडक्या लावून घ्याव्या. दार उघडे ठेवून हवा गाळणे म्हणजे भोक पडलेल्या घागरीत पाणी भरणे. मात्र हे यंत्र हवा गाळते, नवी हवा तयार करीत नाही. म्हणून बाहेर धूळ-धूर नसेल तेव्हा रोज थोडा वेळ खिडक्या उघडाव्या.

विजेची धास्ती नको. यंत्र ५० वॉटचे असेल, तर २० तास चालल्यावर १ युनिट वीज जळते. यंत्रावर वॉटचा आकडा लिहिलेला असतो. आता तुम्हांला वाचता येते. तो आकडा स्वतः वाचा.

निगा कशी राखावी?

आधी बटण बंद करा. पिन काढा. मगच यंत्र उघडा.

दर पंधरा दिवसांनी जाळी काढून धूळ झटका. जाळी धुण्याजोगी असेल तर साध्या पाण्याने धुवा आणि पुरती सुकवा. ओली जाळी बसवली तर बुरशी धरते आणि तीच हवेत पसरते.

हेपा गाळणी मात्र धुवायची नाही. पाण्याने तिचे तंतू बिघडतात. ती सहा महिने ते वर्षभर टिकते. घरात धूळ फार असेल तर त्याआधीच भरते. हवा कमी येऊ लागली, वास येऊ लागला किंवा बदलण्याचा दिवा लागला, म्हणजे गाळणी बदलावी. जुनी गाळणी घरात झटकू नये. पिशवीत बांधून टाकावी.

नवी गाळणी प्लास्टिकच्या पिशवीत येते. पिशवी काढूनच ती बसवावी. पिशवीसकट बसवली तर पंखा नुसता फिरतो, हवा गाळली जात नाही!

यंत्र काय करीत नाही?

हा भाग दोनदा वाचा.

चुलीचा धूर कोंडला असेल तर यंत्र लावून भागत नाही. काजळीने गाळणी लवकर भरते. तिथे धुराला वाट करून द्यावी. धुरांडे बसवावे, ते वेळच्या वेळी झाडावे, झरोका मोकळा ठेवावा. सुकलेले सरपण वापरावे. जमेल त्याने गॅस वापरावा. ह्या गोष्टी आधी. यंत्र मागून.

दुसरी गोष्ट जिवाची. थंडीत काही लोक घमेल्यात निखारे ठेवतात आणि दारे लावून झोपतात. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साईड नावाचा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर दिसत नाही, म्हणून माणूस निर्धास्त झोपतो आणि झोपेतच दगावतो. हेपा गाळणी हा वायू धरू शकत नाही. यंत्र रात्रभर चालू असले तरी माणूस वाचत नाही. बंद खोलीत विस्तव ठेवून कधीही झोपू नका.

शेकताना डोके दुखू लागले, चक्कर आली किंवा मळमळले, तर लगेच दारे उघडा. सगळ्यांना मोकळ्यावर न्या. १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

दम्याचे औषधही यंत्र आले म्हणून बंद करू नये. ते डॉक्टरांना विचारूनच कमी-जास्त करावे.

लक्षात ठेवा

धूळ गाळता येते. धुराला वाट द्यावी लागते. विषारी वायूपासून सावधच राहावे लागते.

उत्तरे द्या

१. यंत्र चालू असताना खिडक्या का लावाव्या?
२. कोणती गाळणी धुवू नये?
३. तुमच्या घरातल्या धुराला वाट कोठून आहे?
४. बंद खोलीत निखारे का ठेवू नयेत? घरातल्या सर्वांना हे वाचून दाखवा.