किराणा कुठून भरावा?

अंबाजोगाई

चि. सायलीस,

दर महिन्याचा किराणा लातूरच्या मोठ्या मार्टातून आणायचा तुम्हा दोघांचा बेत कळला. "त्यात काही पाप आहे का, मामा?" असं विचारलंस. पाप नाही. पगार तुमचा, गाडी तुमची, आणि चार पैसे वाचवणं हा आपल्या घरात कधी दुर्गुण ठरला नाही.

पण स्वस्ताई येते कुठून, हे एकदा बघावं. डीमार्टचंच घे. 2002 साली पवईत त्यांचं पहिलं दुकान निघालं. जागा शक्यतो विकत घ्यायची म्हणजे भाड्याची कटकट नको. पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते करून भाव पाडून घ्यायचा. नफा थोडा ठेवून माल भराभर काढायचा. यात लबाडी नाही. मोंढ्यातल्या जुन्या व्यापाऱ्यालाही हे कळत होतं, भांडवल तेवढं नव्हतं. दुसरी स्वस्ताई मात्र वजनाच्या जोरावर मिळते. 2022 च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या वितरकांनी कोलगेटच्या काही मालाचा पुरवठा थांबवला होता. तोच माल मोठ्या साखळ्यांना आमच्यापेक्षा स्वस्त जातो, ही त्यांची तक्रार. म्हणजे आपल्या गल्लीतला दुकानदार महाग विकतो ते दर वेळी हावरेपणाने नव्हे. त्याला तो मालच महाग पडतो.

साखरेचं म्हणशील, तर ती मार्टात घे नाहीतर गल्लीत, ऊस तोडणारे हात तेच. दसरा-दिवाळी उलटली की आपल्या जिल्ह्यातल्या टोळ्या उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात. त्यांच्या मजुरीचा प्रश्न दुकान बदलून सुटत नाही, तेव्हा गल्लीत खरेदी केली म्हणून उगाच पुण्य पदरात पाडून घेऊ नकोस.

खरी गोष्ट या टोळ्या गेल्यानंतरची आहे. नवरा-बायको फडावर, घरी म्हातारी आणि शाळेतली पोरं. उचल तर आधीच्या कर्जात, आजारपणात, लग्नात गेलेली असते. मग तेल, चहापत्ती, साबण येतो गावातल्या दुकानातून, वहीवर. हिशेब होतो गुढीपाडव्याच्या आसपास माणसं परतल्यावर. कापूस-सोयाबीनवाल्याचंही तेच, पट्टी हातात पडेपर्यंत वही चालू. मार्टाच्या काउंटरवर ही वही नाही. तिथे पैसे जागेवर मोजावे लागतात, नाहीतर क्रेडिट कार्ड लागतं. आणि ते बहुतेक करून पगारदारालाच मिळतं.

दुकानदार एवढी उधारी कशावर पेलतो? तुझ्या-माझ्यासारख्या रोखीच्या गिऱ्हाइकावर. आपण महिन्याच्या एक तारखेला पैसे मोजतो, त्यातून तो वरचा माल भरतो, आणि खालची उधारी तरते. मास्तर, तलाठी, बँकवाले असे एकेक करून लातूरला जायला लागले की दुकानात उरतात फक्त उधारीवाले. मग वही आधी आखडते, नंतर बंद होते. तुझी बचत महिन्याला दोन-चारशे रुपयांची; ती म्हातारी मात्र सावकाराच्या दारात जाते. मला खुपतं ते एवढंच.

दुकानदार काही संत नाहीत. उधारीवर भाव चढवून लावणारे, काट्यात मारणारे, पक्कं बिल मागितलं की तोंड वाकडं करणारे मी भरपूर पाहिलेत. पोऱ्याला पगार म्हणून काय देतात ते तर विचारूच नकोस. त्या बाबतीत मार्टाचं छापील बिल शंभर पटीने बरं. म्हणून आंधळी निष्ठा नको. वजन बघून घे, तारीख बघ, बिल माग, आणि फसवणारा निघाला तर सरळ पुढचं दुकान गाठ.

माझं म्हणशील तर असं कर. डबे, चादरी, कपडे, बाळाचं सामान मार्टातून खुशाल आण. त्यात कोणाची वही अडत नाही. डाळ, तेल, तांदूळ, गूळ मात्र गावातून, रोखीने, महिन्याच्या महिन्याला. आणि उन्हाळ्यात हात आखडला तरच गल्लीची आठवण, एरवी लातूर, असं करू नकोस. जावईबापूंना पेट्रोलचा खर्चही बचतीत धरायला सांग. त्यांचा हिशेब मला जरा उदार वाटला.

ताईला नमस्कार.

तुझा,
मामा