झोप : मेंदूची रात्रपाळी

परीक्षा जवळ आल्या की आपल्या वस्तीत कितीतरी घरांतून रात्री दोन-दोन वाजेपर्यंत दिवे जळताना दिसतात. मुलगा जागून अभ्यास करतो, याचे आईवडिलांना कौतुक वाटते. मीही बी. ए. च्या परीक्षेत इतिहासाच्या पेपरच्या आदल्या रात्री चहा पीत जागलो होतो. सकाळी प्रश्नपत्रिका हाती आली, तेव्हा पाठ केलेले सनही आठवेनात. त्या वेळी मी नशिबाला दोष दिला. झोप मोडल्याचा तो परिणाम होता, हे पुढे वाचनातून उमगले.

झोपेत मेंदू बंद पडतो, अशी पूर्वी समजूत होती. १९१६-१७ च्या सुमारास व्हिएन्ना येथे मेंदूच्या एका विचित्र रोगाची साथ आली. बरेच रोगी सतत झोपून राहत; काहींना मात्र झोपच येत नसे. डॉ. कॉन्स्टंटिन फॉन इकॉनॉमो यांनी मृत रोग्यांचे मेंदू तपासले. झोपाळू रोग्यांच्या मेंदूत हायपोथॅलॅमसच्या मागील बाजूस, तर निद्रानाश झालेल्यांच्या पुढील बाजूस इजा आढळली. म्हणजे जागे ठेवणारे आणि झोपविणारे असे दोन्ही भाग मेंदूतच आहेत.

पुढे १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठातील ॲसेरिन्स्की व क्लाइटमन यांनी झोपेत डोळ्यांची बुबुळे वेगाने हलण्याच्या अवस्थेचे वर्णन केले. या अवस्थेत मेंदूच्या लहरी जवळजवळ जागेपणासारख्या असतात. ठळक स्वप्ने बहुधा याच वेळी पडतात.

झोप कधी यावी, हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते. पहिली म्हणजे झोपेची निकड. आपण जागे असतो तसतसा मेंदूत ॲडेनोसिन हा पदार्थ साठतो व झोप अनावर होते. चहा-कॉफीतील कॅफिन त्याचा परिणाम काही काळ रोखते. परंतु त्याने झोपेचे कर्ज फिटत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे शरीराचे घड्याळ. हेही हायपोथॅलॅमसमध्येच असते व डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडावरून वेळ जुळवून घेते. अंधार पडल्यावर त्याच्या सूचनेने पिनिअल ग्रंथी मेलाटोनिन सोडते. रात्री उशिरापर्यंत मोबाइलचा उजेड डोळ्यांवर पडला, तर हे काम लांबते.

आता मुख्य मुद्दा. बँकेत दिवसभराचे व्यवहार आधी रोजकीर्दीत लिहीत व नंतर त्यांची खतावणी करीत. मेंदूचेही काहीसे असेच आहे. दिवसा वाचलेले प्रथम हिप्पोकॅम्पस या भागाच्या आधाराने राहते. गाढ झोपेत त्याची उजळणी होऊन ते मेंदूच्या बाह्य आवरणात पक्के होत जाते. झोपच घेतली नाही, तर नोंद राहते. खतावणी होत नाही!

तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज आठ ते दहा तास, तर प्रौढांना किमान सात तास झोप हवी, असे तज्ज्ञ सांगतात. एका खोलीच्या घरात हे सोपे नाही, याची मला जाणीव आहे. तरीही रात्री दहाला टीव्ही व दिवा बंद करणे, ही मुलाच्या शिक्षणाला फी भरण्याइतकीच मोलाची मदत आहे. यासाठी पैसा लागत नाही. घरातील सर्वांचे सहकार्य लागते.

विद्यार्थी मित्रांनो, अभ्यास जरूर करा, रोज करा. मात्र पेपरच्या आदल्या रात्री पुस्तक वेळेवर मिटा. उरलेले काम मेंदू रात्रपाळीत करील.